पेरावर तीन पानं : जुन्या झाडांची कलमं करून देणाऱ्या एका नर्सरीचा अनुभव

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे कापला ते पुढे येईलच. नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चांगलंही लिहायचंय आणि वाईटही, आणि त्या माळीबुवांची नोकरी माझ्यामुळे जायला नको. इंदुरात खंडवा रोडला नर्सऱ्यांची रांग आहे, त्यातली एक एवढं पुरे.

रामबागेतला आमचा वाडा २०२४ मध्ये विकला. आम्ही तिघं भावंडं : मी इंदुरात, दादा पुण्याला, धाकटी नागपूरला. दसऱ्यानंतर बिल्डरला ताबा द्यायचा ठरलं. पितळी डबे, बाबांचं टेबल, आईचा पाटा, सगळ्याची वाटणी अर्ध्या दिवसात झाली. कुणी कुरकुरलं नाही. अडकलं ते अंगणात येऊन. तिथे आईचा बटमोगरा होता, बाबांचा गुलाब होता आणि आत्याची गुलबक्षी. आई २०२१ मध्ये गेली, बाबा २००९ मध्ये, आत्या त्याही आधी. झाडं मात्र आपली उभी. आता त्यांच्यावरून जेसीबी जाणार होता.

मी पाच नर्सऱ्यांना फोन केले. "आमच्या घरच्या जुन्या झाडाची कलमं करून द्याल का?" दोघं हसले. एक म्हणाला, मुळासकट उपटून घेऊन या, बघू. चौथ्याने उत्तर दिलं ते माझ्या डोक्यात अजून बसलंय : "मॅडम, मोगरा तो मोगरा है. नया ले जाओ." तीस वर्षं बँकेत कॅशला काढली मी. नोट ती नोट असं कुणी म्हटलं असतं तर मला चाललं असतं. मोगऱ्याबद्दल नाही चालत. पाचव्याने मात्र विचारलं, "कितना पुराना है?" मी म्हटलं, १९६९. तो म्हणाला, आदमी भेजता हूँ.

हा "आदमी" म्हणजे साठीच्या पुढचे एक माळीबुवा. जुन्या स्कूटरवरून आले, पायाशी पिशवी. पिशवीत कटर, धार लावलेली छोटी सुरी, सुतळीचा गुंडा आणि पॉलिथिनच्या पट्ट्या. ओटल्यावर बसा, पोहे घ्या म्हटलं तर म्हणाले, पहले पौधा. आणि उकिडवे बसून पाच मिनिटं नुसता मोगरा बघत राहिले. या पाच मिनिटांचा एक तारा मी त्यांना तिथेच देऊन टाकला होता.

आईचा मोगरा कधीच कुंडीत नव्हता. लग्न होऊन देवासहून आली तेव्हा आजीने ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी दिली होती, ती फरशीच्या कडेला खोचली आणि लागली. पुढे पंचावन्न वर्षं तिथेच. संक्रांत झाली की आई त्याची पानं ओरबाडायची, फांद्या छाटायची, पंधरा दिवस पाणी तोडायची आणि मग शेणखत घालायची. लहानपणी ते बघून मला रडू यायचं. पण चैत्रात कळ्यांनी झाड वाकायचं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर कैरीची डाळ, पन्हं आणि ओंजळभर मोगरा, हा तिचा नेम. विकतचा गजरा आमच्याकडे त्या महिन्यात कधी आला नाही.

बटमोगऱ्याच्या फुलात पाकळ्यांची इतकी दाटी असते की त्याला बी धरत नाही. म्हणजे आजवर जिथे जिथे तो आहे तिथे कुणीतरी कुणाला तरी फांदी दिली म्हणून आहे. आणि फांदी लावली की जे उगवतं ते पहिल्या झाडाचं पिल्लू नव्हे, तेच झाड. देवासला आजीने ज्याला पाणी घातलं तेच आईच्या अंगणात होतं. हे मला आधी ठाऊक नव्हतं, माळीबुवांशी बोलताना उलगडलं. त्यानंतर "नवीन घ्या" म्हणणाऱ्यांचा राग आणखी वाढला.

तर दाब कलम. त्यांनी जमिनीलगतच्या चार लांब फांद्या निवडल्या. प्रत्येकीच्या एका पेराखाली सुरीने साल खरवडली, बोटभर, खालच्या अंगाला. मग शेजारी छोटी कुंडी अर्धी जमिनीत गाडून तो खरवडलेला भाग तिच्या मातीत दाबला, वर आणखी माती, त्यावर वीट. शेंडा बाहेर मोकळा. झाडाला अजून जोडलेलीच फांदी. मी विचारलं, साल का काढली? तर म्हणाले, पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं, पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढतं. साल कापली की अन्न तिथे अडतं, ते साठतं आणि तिथूनच मुळं फुटतात. पाणी चालूच असतं, म्हणून फांदी वाळत नाही. शाळेत हे बहुतेक शिकले असेन. पण विटेखाली दाबलेली आईची फांदी समोर असताना ते वेगळंच समजलं.

हे आषाढात झालं. पितृपक्षापर्यंत विटा तशाच. वाड्यातलं ते शेवटचं श्राद्ध, दादा पुण्याहून आला होता. माका आणि तुळस अंगणातलीच तोडली. भटजींनी चार विटांकडे बघून हळूच विचारलं, "इथे काय पुरलंय?" दादा म्हणाला, "पुरलं नाही, उगवतंय." भटजी तरी त्या बाजूला फिरकले नाहीत.

बाबांचा गुलाब ही वेगळीच भानगड होती. बाबा रेल्वेत, मीटरगेजच्या काळातले. तेव्हा खंडव्याहून महू, इंदूर, रतलाम, चित्तोड करत गाडी थेट अजमेरला जायची. ती लाइन आता गेली. पातालपाणी ते कालाकुंड एवढा तुकडा सहलीच्या गाडीसाठी उरलाय. अजमेरच्या एका खेपेला ते पुष्करला गेले आणि तिथल्या शेतातून गुलाबाची मुळी घेऊन आले, ओल्या टॉवेलात, डब्याच्या थैलीतून. हा चैती गुलाब. फिका गुलाबी, फूल काही देखणं नाही, दुपारी मान टाकतं. वर्षातून एकदाच, फाल्गुन-चैत्रात, तीन-चार आठवडे फुलतो आणि बाकीचं वर्षभर नुसते काटे. आई म्हणायची, तुमच्यासारखाच आहे. पण त्या तीन आठवड्यांत बाबा पहाटे उठून, ऊन चढायच्या आत फुलं खुडायचे, पाकळ्यांच्या दुप्पट खडीसाखर घेऊन बरणीत थर लावायचे आणि बरणी गच्चीवर. महिनाभर ती बरणी उन्हाच्या मागे फिरायची आणि बाबा बरणीच्या मागे.

नर्सरीच्या मालकाचं म्हणणं पडलं की गुलाबाचा डोळा भरून देऊ, पटकन होईल. मी जवळजवळ हो म्हणणार होते. माळीबुवांनीच थांबवलं. नर्सरीतले बहुतेक गुलाब तसेच असतात, जंगली गुलाबाच्या खुंटावर आपल्या गुलाबाचा डोळा बसवलेले. दोन-तीन वर्षांनी लक्ष नसलं की खुंटाला खालून जोरदार फुटवे येतात, मालकीण खूश होते की झाड वाढलं, आणि एके दिवशी बघावं तर वरचा गुलाब मेलेला, खालचा जंगली तेवढा उरलेला. बाबांच्या नावाने मी कुण्या भलत्याच झुडपाला पाणी घालत बसले असते. आमचं झाड स्वतःच्या मुळावर होतं आणि त्याला बुंध्यापासून हातभर लांब जमिनीतून फुटवे आलेलेच होते. तेच मुळासकट काढू म्हणाले, पाऊस सरल्यावर. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तीन फुटवे मातीच्या गोळ्यासकट निघाले. पावसात काड्या लावू नका, काळ्या पडतात, हा सल्लाही त्यांचाच. मी त्यांच्या नकळत सहा लावल्या होत्या. सहाच्या सहा काळ्या पडल्या.

आत्याच्या गुलबक्षीला कसली नर्सरी! मिऱ्यासारखं काळं बी, रुमालात बांधलं आणि आणलं. फक्त आत्याची पिवळी होती आणि माझ्या गॅलरीत पिवळ्यावर गुलाबी शिंतोडे असलेली उगवलीय. बी म्हणजे पोर, ते थोडं स्वतःच्या मनाने वागणारच. आत्यालाही हे चाललं असतं, ती आमच्यात सर्वांत जास्त लाड करणारी.

आता तक्रार. कलमं सप्टेंबरअखेर झाडापासून तोडून नर्सरीत नेली, सावलीत ठेवायला. नोव्हेंबरात टेम्पोने माझ्या राजेंद्रनगरच्या फ्लॅटवर आली. चार मोगरे, तीन गुलाब. पैसे चुकते केले, फोटो काढून भावंडांना पाठवले, धाकटीने रडण्याचे इमोजी टाकले. सगळं साग्रसंगीत.

दोन दिवसांनी पाणी घालताना माझं लक्ष गेलं. आमच्या मोगऱ्याला एका पेरावर तीन-तीन पानं येतात. हे मला का ठाऊक, तर लहानपणी बेलाचं पान कमी पडलं की आम्ही मोगऱ्याचं तीन पानांचं पेर तोडून महादेवाला फसवायचो आणि आईच्या हातचा धपाटा खायचो. तीन कुंड्यांत तीन-तीन पानं होती. चौथीत दोन-दोन, समोरासमोर. पानही पातळ, जरा लांबट. साधा हजारी मोगरा. बाजारात कुठेही मिळतो.

फोन केला. मालक म्हणाला, मॅडम, सब एक ही है, फूल आएगा तब देखना. मी म्हटलं, तुमच्याकडे पाचशेची नोट दिली आणि तुम्ही शंभराची परत केलीत तर मी फूल येईपर्यंत थांबू का? त्यावर तो गप्प. संध्याकाळी स्वतः गेले. माळीबुवा कुंड्यांच्या रांगेत पाइप धरून उभे होते. मला बघितलं आणि पाइप खाली ठेवला. तेवढ्यावरून मला कळलं.

चारातलं एक कलम नर्सरीत कुजलं होतं. त्यांनी मालकाला सांगितलं नाही, मलाही नाही. त्याच आकाराचा एक मोगरा उचलून त्या जागी ठेवला. का, तर "दीदी, आपको बुरा लगता." मला वाईट वाटू नये म्हणून. मी फार बोलले त्यांना. घरी येताना रिक्षात मलाच वाटलं की जास्त बोलले. पण आजही माझं मत तेच आहे : चारातलं एक मेलं हे मला सांगायला हवं होतं. मेलेलं सांगितलेलं मला सहन होतं, सवय आहे. त्या चौथ्या कुंडीला मी मनात आई म्हणून दोन दिवस पाणी घातलं होतं, ते काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. मालकाने दीडशे रुपये परत केले, कुरकुरत. हजारी मोगरा मी सोसायटीच्या गेटपाशी ठेवला. झाडाचा काय दोष? चौकीदार त्याला पाणी घालतो आणि तो आमच्या तिघांपेक्षा जोरात फुलतो.

एक तारा इथे गेला. अर्धा गेला मातीपायी.

सगळ्या कुंड्या नुसत्या काळ्या मातीने भरून आल्या होत्या. माळव्याच्या काळ्या मातीचं कौतुक आम्हीही करतो, पण ती शेतात. प्लास्टिकच्या कुंडीत ती पावसात चिखल धरून बसते आणि उन्हात आवळून कुंडीची कड सोडते; पाणी घातलं की कडेकडेने खाली निघून जातं, मुळं कोरडीच. एक गुलाब याच्यातच गेला असा माझा संशय आहे, तरी निम्मा दोष माझा, मी आठवडाभर नागपूरला होते. उरलेल्यांची माती मी बदलली : एक भाग काळी, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. खताची पिशवीही त्यांनी विकली होती, तिच्यात प्लास्टिकचे तुकडे निघाले. या शहरात हे व्हावं! अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत, म्हणजे आताच्या कृषी महाविद्यालयात, पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती यांचे थर लावून, ते वरखाली करून तीनेक महिन्यांत खत करायची रीत बसवली. जगभर तिला इंदूर पद्धत म्हणतात. आणि इंदुरातल्या नर्सरीत मला खतातून शॅम्पूची पुडी मिळते. असो. आता मी गच्चीच्या कोपऱ्यात ड्रम ठेवलाय. सोसायटीच्या सेक्रेटरींना वास येईल अशी भीती होती, त्यांनीच परवा दोन डबे मागून नेले.

पैशांचं सांगते, कारण विचारणारे विचारतात. घरी येण्याचे तीनशे, दोनदा आले. कलमाला दीडशे प्रत्येकी. टेम्पोचे दोनशे. सात कुंड्यांचे मिळून १,८५० झाले, त्यातले दीडशे परत. नवीन मोगरा याच्या पाव किमतीत येतो हे मला माहीत आहे, सांगायची गरज नाही.

कुणाला असं काम करून घ्यायचं असेल तर माझ्या चुकांवरून एवढंच : मोगऱ्यासाठी आषाढ गाठा, घर विकायचा कागद होण्याची वाट बघू नका. कलम रुजल्यावर प्रत्येकाला तुमच्या हाताने खूण बांधा. मी नंतर आईच्या जुन्या नऊवारीच्या काठाच्या चिंध्या बांधल्या, आधीच बांधल्या असत्या तर ही वेळ आली नसती. आणि सगळी कलमं एकाच नर्सरीत ठेवू नका, एखादं शेजारणीकडे द्या.

पुढच्या चैत्रगौरीला तीन मोगऱ्यांची मिळून सतरा फुलं. मोजली. पहिल्या वर्षी एवढी आली हेच नवल. हळदीकुंकवाला अकरा जणी आल्या, एकेकीला एक दिलं आणि उरलेली सहा देवीपुढे. रात्री वास खोलीभर, दुसऱ्या दिवशी फुलं जांभळट पडली, आईकडे पडायची तशीच. जुन्या रामबागेतल्या एक काकू ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी फूल नाकाशी नेलं आणि एकदम म्हणाल्या, "अगं, सुमनचा मोगरा!" मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

गुलाबांपैकी एकालाच फुलं आली, तीही चार. पहाटे साडेपाचला खुडली. त्या वेळी कचरा गाडीही आलेली नसते. चार फुलांच्या पाकळ्या किती होणार. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या मोठ्या बाटलीत खडीसाखरेबरोबर थर लावले आणि बाटली कठड्यावर ठेवली. सोसायटीतली मुलं विचारायची, आजी, औषध का? महिन्याने दोन चमचे गुलकंद झाला. चव बाबांच्याइतकी नव्हती, साखर जरा जास्त झाली. एक चमचा मी खाल्ला, एक दादासाठी ठेवलाय.

दादाला आता मोगरा हवाय, पुण्याच्या बाल्कनीसाठी. मी माळीबुवांना फोन केला. नर्सरीला नाही, त्यांना. ते आधी थोडे अवघडले, मग म्हणाले, आषाढ लागला की येतो, या वेळी कलमं तुमच्याच गच्चीवर ठेवू, नर्सरीत नको. दादाला तेवढं कळवलंय, आणि हेही की कुंडी ताब्यात घेताना पेरावरची पानं मोज.